पायावर घेतलेलं बाळ

"पप्पा, खाली कशाला बसताय? टब आहे ना!" बाथरूमच्या दारातून तेजल जवळजवळ ओरडलीच.

कुंडलिक तोवर लेंगा गुडघ्यांच्या वर खोचून, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसलाही होता. दोन दिवस टबात आकांत मांडणारं रतन टॉवेलात गुंडाळलेलं, सुनेच्या कडेवर होतं.

"टबात लेकराला आधार वाटत नाही गं. दे इकडं."

"पडेल ना, पप्पा."

"पडत नाही. दे म्हणतो ना."

रतन हे त्याचं पहिलं नातवंड, चार-पाच महिन्यांचं. नाव तेजलने मुद्दाम मुलगा-मुलगी दोघांना चालेल असं शोधलं होतं. झबली पिवळी नाहीतर हिरवी. 'मुलगा की मुलगी?' असं कुणी विचारलं की ती गोड हसून 'बाळ' एवढंच सांगायची. शेजारपाजारचे हिरमुसून जायचे. कुंडलिकची काही तक्रार नव्हती. लंगोट बदलणाऱ्याला कळतं, बाकीच्यांना काय करायचंय, असं त्याचं मत होतं.

त्याने रतनला नडग्यांवर पालथं घेतलं. पाठीवर तेल जिरवलं, उताणं करून हातापायांच्या घड्या घातल्या, मग कपाळाला हाताचा आडोसा धरून डोक्यावर पाणी सोडलं. दोन दिवसांचा आकांत कुठल्या कुठे गेला. रतन चक्क जांभई देऊ लागलं. तेजलने मोबाइल काढून सगळं टिपलं.

"पप्पा, कमाल आहे तुमची! कुणी शिकवलं हो हे तुम्हाला?"

बाहेर सोफ्यावर कुंडलिकचा मुलगा विशाल लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याच्या बोटांचा आवाज थांबला. कुंडलिकच्या कानांनी ते नेमकं टिपलं.

"ही करायची ना," तो म्हणाला. "चंपा. तिचं बघून बघून."

टाइपिंग पुन्हा सुरू झालं.

खरी गोष्ट उलटी होती. विशालच्या जन्माच्या सुमारास कुंडलिकची विक्रोळीची कंपनी बंद पडली आणि चंपा, त्याची बायको, हॉस्पिटलात आयाच्या ड्युटीवर परत गेली. घाटकोपरच्या टेकडीवर, गल्लीच्या नळापाशी, अख्ख्या वस्तीसमोर कुंडलिकने आपलं पोर पायावर घेतलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारच्या सोनूबाईने मात्र हसून झाल्यावर पोराची मान कशी धरायची ते दाखवलं. मग त्याने खिमट शिजवलं, दृष्ट काढली, पोराला कडेवर घेऊन तो रॉकेलच्या रांगेत उभा राहिला. विशाल मोठा झाल्यावर त्याने वॉचमनकी धरली, पण त्याला विचाराल तर आयुष्यातली सोन्याची वर्षं तीच. हे तो कुणाला बोलला नाही. पुरुषाने असल्या वर्षांची आठवण काढायची तरी कुणापाशी?

विशालने लग्न ठरताना तेजलला सांगितलं, पप्पा कंपनीत होते, आई घर बघायची. कुंडलिक शेजारीच बसला होता. त्याने चहा पिऊन टाकला. चंपा तर तेव्हा हयातच नव्हती.

आता सोमवारी तेजलची रजा संपत होती आणि रतनला सांभाळायला बाई शोधणं चाललं होतं. म्हणून तर कुंडलिक या आठवड्यात घाटकोपरहून मुलुंडला चार वेळा 'सहज' आला होता. कधी मेथी घेऊन, कधी नुसताच. कुणीतरी म्हणेल, पप्पा, तुम्हीच राहा की. कुणी म्हणत नव्हतं. बाया येत, बसत, सुट्ट्यांचं विचारून जात. शेवटी एक पक्की झाली. विशाल प्रेमाने म्हणाला, "पप्पा, तुम्ही आता मस्त आराम करा." असं प्रेमाने म्हटल्यावर माणसाने काय बोलावं?

तेजलच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र सुरू झालं होतं. ती बालवाडीत शिकवायची. मुलगे एका रांगेत आणि मुली दुसऱ्या, हे तिने बंद केलं होतं. तिच्या वर्गात भातुकलीच्या कोपऱ्यात मुलगे पोळ्या लाटायचे आणि मुली ट्रक दुरुस्त करायच्या. एका आजोबांनी येऊन 'आमच्या नातवाच्या हातात बाहुली का दिली?' म्हणून तमाशा केला, तर तिने त्यांच्याच हातात बाहुली ठेवून त्यांना खुर्चीत बसवलं होतं.

"पप्पा, उद्या शाळेत पालकसभा आहे, रजेवर असले तरी मी घेतेय. तुम्ही याच! बाबा लोक फोटो काढतात फक्त, बाळाला हात लावत नाहीत. तुम्हाला बघून तरी लाजतील."

"मी काय बोलणार तिथं?"

"बोलू नका हो. नुसतं तेल लावून दाखवा."

दुसऱ्या दिवशी वर्गात सतरंजीवर कुंडलिक पाय लांब करून बसला. समोर छोट्या छोट्या खुर्च्यांवर मोठाले आईबाप कसेबसे मावले होते. विशाल मागे दाराशी उभा.

"हे माझे सासरे," तेजल अभिमानाने म्हणाली. "आयुष्यभर कंपनीत काम केलं. घरातल्या कामाला कधी हात लावायची वेळ आली नाही. आणि आता नातवंडासाठी शिकले! शिकायला वय नसतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुंडलिकला हसूही आलं आणि आत कुठेतरी दुखलंही. त्याने रतनच्या पोटावर तेलाचा हात फिरवायला सुरुवात केली.

पुढच्या रांगेतल्या एका तरुण बापाने विचारलं, "आजोबा, पहिल्यांदा घेतलं तेव्हा फाटली नाही तुमची?" बायकोने त्याला कोपर मारलं. "म्हणजे, भीती नाही वाटली?"

"वाटली ना. लई वाटली." कुंडलिकचे हात चालूच होते, नजर रतनवर. "हात असे लटलट कापत होते. लेकरू रडून रडून काळंनिळं. मला वाटलं, ह्याला आई पाहिजे. मी म्हटलं, बाबा रे, आई ड्युटीवर गेली, सांजच्याला येईल. तवर मीच हाये. मी काय वाईट हाये का? तर माझ्याकडं बघितलं टकामका, आन झालं की गप. त्या दिसापासनं माझ्याबिगर झोपायचं नाही ते."

वर्ग हसला. तेजल हसली नाही. काल रतनला पायावर घेतलं तेव्हा ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती; ना पप्पांचे हात कापले होते, ना रतनची आई ड्युटीवर होती.

तिने दाराकडे पाहिलं. विशाल व्हरांड्यात निघून गेला होता.

सभा संपल्यावर गेटपाशी रिक्षा शोधताना तिने सरळच विचारलं. "पप्पा, ते बाळ विशाल होता ना?"

कुंडलिकने विशालकडे बघितलं. "जाऊ दे ना. जुनं झालं."

"जाऊ दे काय? घरात एवढं माणूस असताना आपण बाई ठेवतोय? पप्पा, तुम्हाला आवडेल का रतनला सांभाळायला?"

एवढे दिवस ज्याची वाट पाहिली तो प्रश्न असा रस्त्यात, रिक्षांच्या गोंगाटात आला. कुंडलिकला धीर धरवला नाही. "आवडेल का म्हणजे? मी त्याच्यासाठीच येतो ना गं! मला कुणी विचारलंच नाही. मला दे ना ते लेकरू. तू येईपर्यंत तर सांभाळायचं."

"पप्पा, प्लीज," विशाल म्हणाला.

"का रे?" तेजल वळली. "काय प्रॉब्लेम आहे तुझा?"

"तुला नाही कळणार. तू नव्हतीस तिथे." विशालचा आवाज चिरकला. "शाळेत पोरं माझ्या मागे ओरडत यायची. विशालची आई लेंगा घालते. रोज यार, रोज. चौथीपर्यंत. मी डबा संडासात बसून खाल्लाय. पप्पांना नाही सांगितलं कधी. रतनला नको ते. सॉरी, पण नको."

"आता कोण चिडवतंय? जमाना बदलला ना!"

"तुझ्या वर्गात बदलला असेल."

 आपली सोन्याची वर्षं ती पोराचीही सोन्याचीच असणार, हे कुंडलिक इतकी वर्षं धरून चालला होता. संडासात बसून डबा खाणारा विशाल त्याने कधी पाहिलाच नव्हता. डबा तर तोच भरायचा.

"तेजल, त्या बाईला हो सांगितलंय ना? मग येऊ दे तिला." त्याने रतनच्या टोपड्याचा बंद नीट केला आणि विशालच्या खांद्यावर हात ठेवला. "मला सांगायचं रे तू तेव्हा."

विशालने मान हलवली. 

रिक्षात चला म्हणून तेजल मागे लागली, पण कुंडलिकने बसच धरली. खिडकीची जागा मिळाली. भांडुपला एक बाई चढली. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी, आणि काखेत अगदी कोवळं, महिना-दीड महिन्याचं बाळ. कंडक्टर तिकिटाला थांबला आणि तिला पर्स काही उघडेना. बाळ कुणाकडे तरी द्यायला हवं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं.

कुंडलिकने हात पुढे केले.

बाईने त्याच्याकडे पाहिलं, नजर पुढे नेली, आणि मागच्या सीटवर कानात इयरफोन घालून बसलेल्या कॉलेजच्या मुलीकडे बाळ दिलं. मुलगी गांगरली. पार्सल धरावं तसं तिने ते दोन्ही हातांत धरलं. बाळाचं डोकं एका बाजूला कललं.

कुंडलिक मागे वळला. "मान धर, पोरी. मानेखाली हात घाल."

मुलीने इयरफोन काढला. "हां?"

"मानेखाली हात. असा."

तिने तसा हात घातला. बाळ स्थिर झालं. कुंडलिक पुढे वळला आणि आपले हात मांडीवर ठेवून बसून राहिला.