लॉरेटाची खुर्ची

एल्को गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी पोकरची स्पर्धा भरे, आणि तिथे पंच जोलीनचा शब्द शेवटचा. बाई भलतीच कडक. पण तिला पत्ते पिसायला शिकवलं ते ऑर्विलने, आणि नियमाला चिकटून राहायलाही त्यानेच. आता तो ब्याऐंशीचा झाला होता. येत्या शनिवारी मुलीकडे, ओहायोला, कायमचा निघणार होता. जाण्याआधी त्याला एकच गोष्ट हवी होती: हॉलच्या चषकावर, विजेत्यांच्या यादीत, लॉरेटाच्या नावाखाली आपलं नाव.

लॉरेटा त्याची बायको. ती स्वतः बाद झाली की त्याच्या डावीकडे येऊन बसायची. डाव संपला की तो आपले पत्ते तिला दाखवी. चालू डावात मात्र कधीच नाही. हिवाळ्यात ती गेली, तेव्हापासून त्या खुर्चीवर कुणी बसत नसे.

आज शेवटचे चौघे उरले होते. बेन्यात नावाच्या मेंढपाळाने पैजेच्या चिप्सचा ढीग पुढे लोटला. ऑर्विलने आपले पत्ते उचलले, डावीकडे कलते केले आणि उत्तराची वाट पाहत राहिला.

बाकीच्यांनी जोलीनकडे पाहिलं. चालू डावात पत्ते कुणाला दाखवले, तर एक फेरी टेबलापासून लांब उभं राहायचं. तोवर सक्तीच्या पैजा आपल्याच चिप्समधून जात राहतात. ऑर्विलकडे तेवढ्याही चिप्स नव्हत्या.

जोलीन टेबलाजवळ आली. "ऑर्विल, पत्ते कुणाला दाखवलेत तुम्ही?"

'कुणालाच नाही' एवढं तो म्हणाला असता, तर ती लगेच डाव पुढे चालू करणार होती.

"सांग की रे म्हाताऱ्या, खुर्ची रिकामी आहे म्हणून," बेन्यात म्हणाला. "माझी काही तक्रार नाही."

ऑर्विलने खुर्चीकडे पाहिलं. ओठ हलले, पण तेवढं काही त्याच्याच्याने बोलवेना.

"लॉरेटाला दाखवले," तो म्हणाला. "तिने नाक मुरडलं. टाकतो मी पत्ते."

"एक फेरी बाहेर," जोलीन कशीबशी म्हणाली.

"शाबास, पोरी." काठी टेकत तो उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"आणि तिचं काय?" बेन्यातने टेबलावर थाप मारली. "चालू डावात सल्ला दिला की तिने! तिला बरी मोकळी सोडतेस?"

जोलीनने त्याच्याकडे पाहिलं. हा दाढीवाला राक्षस तिला आज फार आवडला.

"तिलाही एक फेरी," ती म्हणाली. मग तिने ती खुर्ची उचलली आणि खिडकीपाशी, ऑर्विलच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवली.

टेबलावर त्याच्या चिप्स एकेक करत संपल्या. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तो हळू आवाजात तिला आजचे सगळे डाव सांगत होता.