दोन-दोन एटीएम

"एटीएम खराब आहे," डॉक्टर स्नेहा मॅडम म्हणाल्या, तसा गेणू लगेच उठला. "मंग दुसऱ्यातून काढून आणतो की मॅडम."

तेजलनं बापाचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं.

"पैशाचं नाही हो काका. पेशीपेशीत एटीएम नावाचा एक राखणदार असतो." मॅडम थांबल्या. "तुम्ही पैठणी विणता ना? तार तुटली तर काय करता?"

"माग थांबवतो," तेजलच बोलली. शाळा नववीत सोडली, पण माग तिला पाठ होता. "तार सांधतो, मंग पुढं."

"तेच काम याचं. आतला धागा तुटला की हा ओरडतो, थांबा, सांधा. नाहीच सांधला, तर पेशीला म्हणतो, तू मर, पण बिघडलेलं पुढं विणू नकोस. योगेशमध्ये तो ओरडणाराच नाही. म्हणून याचा तोल जातो. पुढं कॅन्सरचीही भीती आहे."

तेजलचा नऊ वर्षांचा भाऊ योगेश भिंत धरून उभा होता. डोळ्यांत लाल शिरांचं जाळं. येवल्यात गल्लीतली पोरं त्याला बेवडा म्हणायची, आन् तेजल त्यांच्या मागं दगड घेऊन धावायची.

"औषध?" आईनं, लंकाबाईनं विचारलं.

"मुळातून बरं करणारं अजून नाही. यात एक खोट आईकडून येते, एक वडिलांकडून. तुम्ही नात्यातले?"

"मी यांच्या मामाचीच की," लंकाबाई तोऱ्यात बोलली, आन् बोलता बोलता तिची नजर योगेशकडं गेली.

"मॅडम, माझंपण मामाकडंच ठरलंय," तेजल म्हणाली. रविवारी तिच्या लग्नाची सुपारी फुटणार होती. मामाच्याच पोराशी, जीवनशी. लहानपणापासून तिला तोच हवा होता.

"मग लग्नाआधी तुम्हा दोघांचं रक्त तपासा," मॅडम म्हणाल्या. "दोघांतही खोट निघाली, तरच काळजी."

रविवारी भिकनमामा जीवनला घेऊन आला, फेटा बांधून. सुपारी पाटावर ठेवली तशी तेजल म्हणाली, "मामा, आधी माझं आन् जीवनचं रक्त तपासू. एटीएमचं."

"एटीएम?" मामा खो खो हसला. "दोन-दोन हायेत माझ्या पोराकडं!"

सगळे हसले. जीवनपण.

"हसताय काय? योगेशकडं बघा की! निम्मी खोट तुमच्याच घरातनं आलीय."

मामाचं हसू तिथंच विझलं. "लंके, तुझी पोरगी आमचं रक्त नासकं म्हणती."

लंकाबाई चहा आणायला आत गेली. गेणूला तर दवाखान्यातलं सगळं ठाऊक होतं. तो म्हणाला, "लहान हाय पाव्हणं, मनावर नका घेऊ."

मामानं सुपारी उचलून खिशात टाकली. जीवन मोबाईल बघत चपला घालत होता. एक शब्द, नुसतं "तपासू की" म्हणाला असता. तो कोपऱ्यावरून वळेस्तोवर तेजल दारात उभी राहिली. त्यानं मागं वळूनपण बघितलं नाही.

"माझं माहेर तोडलंस गं," आई रडली.

"तोडलं तर तोडलं! तार तुटल्यावर माग थांबवायचा असतो, हे बापालापण मीच शिकवू का?"

गेणू मागावर जाऊन बसला. खटखट सुरू झाली.

योगेश भिंतीला हात लावत, डुलत डुलत आला. "ताई, सुपारी का नाय फुटली? माझ्यामुळं?"

तेजलनं त्याला धरून उंबऱ्यावर बसवलं.

"नाय रे," ती म्हणाली. "एटीएम खराब निघालं."

"मंग दुसऱ्यातून काढू की," योगेश म्हणाला. थेट बापासारखं.