जाडजूड थोरली आणि आम्ही दोघी

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे, वीज वाहून नेणारी. अंगावर काळं कवच, पोटात ॲल्युमिनियमच्या तारा. रुग्णालयाच्या तळघरात, भिंतीला आडव्या ठोकलेल्या लोखंडी शिडीवर मी पडलेली असते आणि शेजारी माझी जुळी बहीण असते.

जन्मलो तेव्हा आम्ही दोघी मिळून एकच अखंड केबल होतो. कारखान्यातून लाकडी रिळावर गुंडाळून आम्हाला एका वीज-ठेकेदाराच्या आवारात आणलं. तिथं आमच्याहून दीडपट जाड एक थोरली केबल होती. येणारा जाणारा तिच्याच पाठीवर थाप मारी. आमच्यावर मात्र मांजर झोपे. कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, "तो उरलेला माल आहे."

ठेकेदाराच्या फोरमनला सगळे पहिलवान म्हणत. त्यांची सून तिथंच इंजिनीअर होती. रुग्णालयाच्या नव्या इमारतीला वीज द्यायचं काम आलं, तेव्हा पहिलवानांनी थोरलीच निवडली. पण तळघरात भिंतीपाशी काटकोनी वळण होतं. थोरली काही केल्या वळेना. आठ माणसांनी जोर लावून ओढली आणि तिचं कवच चरचरत फाटलं.

पहिलवान डोक्याला हात लावून बसले. उद्घाटन तोंडावर आलेलं.

सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आवारातली ती बारीक केबल कापून दोन करू. शेजारी शेजारी टाकू."

"अगं, दोन्ही मिळूनही तिच्याएवढा धातू भरत नाही! बैल एकच असावा, पण दांडगा."

"उकळतं पाणी एका मोठ्या पातेल्यात ठेवलं आणि तेवढंच दोन लहान पातेल्यांत, तर आधी कुठलं निवेल?"

"लहानांतलं. त्यात काय विचारायचं?"

"मग झालं तर! वीज वाहताना केबल तापते. ती किती तापू शकते, यावरच तिनं किती वीज न्यायची ते ठरतं. जाड केबलच्या पोटातली उष्णता पोटातच अडकते. या दोघींना मिळून हवा लागायला अंग जास्त, म्हणून धातू थोडा कमी असला तरी जास्त वीज नेतील. आणि वळतीलही."

पहिलवान हसले. "घरात तुझ्या सासूपुढं चालत नाही, इथं तुझ्यापुढं. आण ती केबल!"

आम्हाला कापलं. वळणावरून आम्ही दोघी सळसळत गेलो. पण पुढे पहिलवानांनी मला भिंतीतल्या भोकातून जवळच्या वाटेनं नेलं, बहिणीला लांबून. चाचणीच्या वेळी सूनबाईंनी चिमट्यासारख्या यंत्रानं दोघींतला प्रवाह मोजला. माझ्यातून कितीतरी जास्त जात होता. विजेला जवळची वाट सोपी, म्हणून बरीचशी माझ्याकडेच धावत होती. माझं अंग भाजत होतं, बहीण थंडगार.

"म्हणजे एकीनं राबायचं आणि दुसरीनं बसून खायचं," पहिलवान म्हणाले. "छे! बंद करा." त्यांनी बहिणीला परत ओढून माझ्याच वाटेनं नेलं, जादा तुकडा कापून दोघींची लांबी तंतोतंत एक केली आणि मध्ये एका केबलएवढी फट ठेवली. "एकीची धग दुसरीला नको."

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी जुन्या इमारतीची केबल जळाली. तिथले सगळे रुग्ण नव्या इमारतीत आणावे लागले. काचेच्या उबदार पेट्यांतली दोन नवजात बाळंसुद्धा. शस्त्रक्रिया चालू, पंखे, पंप, सगळं चालू.

बोलावणं जाताच पहिलवान आणि सूनबाई धावत आले. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "झेपेल का हो?"

सूनबाईंनी दोघींतला प्रवाह मोजला, कार्यालयातली थंड हवेची यंत्रं तेवढी बंद करायला लावली आणि म्हणाल्या, "झेपेल."

पहिलवान तळघरात आमच्यापाशी उभे राहिले. थोड्या थोड्या वेळानं एक तळवा माझ्यावर, एक बहिणीवर ठेवत. आम्ही ऊन होत होतो, पण सारख्याच, आणि सोसेल इतपतच. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या पूर्ण ताकदीनं वाहत होते! संध्याकाळी वरून नर्स धावत आली. "दोन्ही बाळं छान आहेत, शस्त्रक्रियाही पार पडली!"

पहिलवानांनी डोळे पुसले आणि सुनेला म्हणाले, "माझ्या मापानं गेलो असतो, तर आज अंधार होता. जिंकलीस बाई!"

"मी कुठं? त्या दोघी जिंकल्या."

तेव्हापासून अनेक उन्हाळे गेले. आम्ही अजून वाहतो. मित्रांनो, एवढंच सांगते, आमच्यावर खोकी-चिंध्या रचू नका, आम्हाला हवा लागू द्या. आमचे सांधे सैल पडले तर वेळीच आवळा. आणि तुमच्या घरात ओझं वाटायची वेळ आली, तर जो जवळ सापडतो त्याच्याच गळ्यात टाकू नका. सारखं वाटा. मग लहान खांदेही किती पेलतात ते बघा!