सुगम बाजारची सात दुकानं

'सुगम बाजार'च्या दारावर पाटी होती: 'आपल्या हाताने वस्तू निवडा.' १९९४ साली राहुरीत असं दुकान म्हणजे नवलच. आधी नगर, श्रीरामपूर, मग आमच्याकडे शाखा निघाली. मालकांनी माझ्यासारख्या बारावी पास पोरीला गल्ल्यावर बसवलं आणि मी हवेतच होते.

पहिल्याच आठवड्यात माझी आई, विमलबाई, खुरपणीवरून परस्पर आली आणि दारातच पिशवी उघडून उभी राहिली. कुणीतरी वरून माल टाकेल म्हणून! आम्ही बौद्ध. आमच्या आळीजवळ श्रीमंतशेठचं किराणा दुकान. हाताला हात लागू नये म्हणून तो आमच्या पिशवीत पुडा वीतभर वरून सोडायचा. बोलायला गोड, पण हे कधी चुकलं नाही. आईला त्याची इतकी सवय झालेली, की त्यात काही वावगं आहे हेच ती विसरली होती. मला तिचाच राग आला, खरं सांगते.

"आई, आत ये. तुझ्या हातानं उचल."

"कुनी रागावलं तर?"

"कोन रागावतंय? मी हाय ना."

तिनं साबणाची वडी उचलली, हुंगली, परत ठेवली. दुसरी उचलली. अर्धा तास लावला आणि घेतलं काय, तर मीठ. पुढं दर बाजारच्या दिवशी ती यायची, डाळींचे पुडे दाबून बघायची आणि पसंत नाही पडलं तर ऐटीत परत ठेवायची. ती ऐट मी घरात कधी पाहिली नव्हती.

मालकांनी मात्र घाई केली. सुपा, बेलापूर करत दुकानं सात झाली आणि माल कुठंच पुरेना. आधी तेल मिळेनासं झालं, मग साखर. सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर आमचं शटर खाली आलं. शिमग्यापर्यंत सातही दुकानं नाहीशी झाली. माझी नोकरी गेली, पण मला धास्ती होती ती आईची. आता ती पुन्हा तशीच उभी राहणार.

घरातली साखर संपल्यावर श्रीमंतशेठकडं जावंच लागलं. मीही गेले. त्यानं पुडा बांधला आणि नेहमीसारखा वर धरला. आईनं पिशवी उघडलीच नाही.

"विमलबाई, पिशवी धरा की."

"हातात द्या, शेठ."

तो हसला. इकडंतिकडं बघितलं. मागं दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली. पुडा वरच.

आईनं हात उंच केला आणि त्याच्या बोटांसकट पुडा धरला. सोडायला त्याला जरा वेळ लागला.