कमलिनी कशी गेली

कांचन पहिल्यांदा पडली तेव्हा घरात कुणी फार मनावर घेतलं नाही. शाळेत घंटेखाली उभी होती, सकाळी नीट खाल्लं नव्हतं, उन्हाळा होता. दुसऱ्यांदा मात्र सुहासिनीच्या डोळ्यांदेखत झालं. कारखान्याच्या पिपलानी वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये सकाळची गडबड चालली होती. उदय पहिल्या पाळीला निघायच्या घाईत बूट चढवत होता, आणि कांचनच्या उशाशी गजर खणखणला. पोर दचकून उठून बसली, आईकडे पाहिलं आणि डोळे फिरवून आडवी झाली. हातपाय ताठ झाले, ओठांभोवती निळसर रंग चढला. सुहासिनीनं तिच्या छातीवर हात ठेवला. हाताखाली काहीच लागत नव्हतं.

मग एकदम ठोके परत सुरू झाले, आधी वेडेवाकडे, मग सरळ.

"आई, एकदम अंधेरा झाला," कांचन डोळे उघडून म्हणाली. "मी परत पडले का?"

त्या दिवसापासून घरानं आवाज करायचं सोडलं. गजराचं घड्याळ शेजारी जाऊन बसलं. कुकर बंद, डाळ पातेल्यात शिजू लागली. दारावरच्या घंटीची तार उदयनं काढून टाकली. भांडं हातातून निसटेल म्हणून सुहासिनी ओट्याशी जीव मुठीत धरून काम करायची. कारखान्याचा भोंगा मात्र कुणाला बंद करता येणार नव्हता. पाळी बदलायची वेळ झाली की ती कांचनला जवळ ओढून तिच्या कानांवर तळवे दाबून बसायची, आणि भोंगा थांबल्यावरही तिचे हात तिथून हलायचे नाहीत.

टाउनशिपच्या दवाखान्यात डॉ. सरोज मोघे नव्यानं आल्या होत्या. ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी कांचनचा कार्डिओग्राम दोनदा काढला आणि दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"मला ही मिरगी, म्हणजे फेफरं, वाटत नाही," त्या म्हणाल्या. "संशय हृदयाचा आहे. काही मुलांचं हृदय एका ठोक्यानंतर पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला जास्त वेळ घेतं. त्यात दचकणं झालं की सगळं बिघडतं. पण ही एक पट्टी तसं सांगते, आणि ही दुसरी जवळजवळ चांगली आहे."

"मग औषध सुरू करा ना," उदय म्हणाला.

"औषध आहे. पण हिला दमा आहे. त्या औषधानं दमा उसळू शकतो, जिवावरही बेतू शकतं. नुसत्या संशयावर मी ते देणार नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बहुतेक वेळा घराण्यातून येतं. तुमच्याकडे कुणी लहान वयात असं अचानक गेलंय का? धडधाकट असताना?"

सुहासिनीच्या माहेरी कुणी नव्हतं. उदयनं आईकडे पाहिलं. लीलावतीबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे असलं काही नाही."

प्रश्न पुरता संपायच्या आतच उत्तर आलं, हे सुहासिनीला जाणवलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, तुमची एक थोरली बहीण होती ना? उदयच्या मामांच्या बोलण्यात एकदा आलं होतं."

"ती तापानं गेली. आफ्रिकेहून परत येताना, जहाजावर." लीलावतीबाई भाजी निवडायला बसल्या. "तापाचा आणि याचा काय संबंध?"

पुढे विचारायची सोयच त्यांनी ठेवली नाही.

तिसऱ्या वेळी सुहासिनी दूध आणायला गेली होती. परत येताना तिला गॅसची गाडी दिसली, आणि भरलेली टाकी गाडीवाल्यानं त्यांच्याच दारासमोर फरशीवर आदळलेली ऐकू आली. दुधाची पिशवी तिथेच टाकून ती धावली. आत लीलावतीबाई जमिनीवर बसल्या होत्या आणि कांचनचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्या तिचे गाल थोपटत हाका मारत होत्या, "कमल! अगं कमल, उठ ना! कमल!"

या वेळी फार वेळ गेला. सुहासिनी छातीवर दाबत राहिली, कुणीतरी रिक्षा आणायला पळालं, आणि रिक्षा दाराशी लागेपर्यंत कांचननं श्वास ओढला. दवाखान्यात तिला ठेवून घेतलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर लीलावतीबाई सुनेशेजारी बसल्या.

"कमल कोण, आई?"

"माझी बहीण. कमलिनी." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "ताप नव्हता गं तिला. वडलांनी आम्हाला तसं सांगायला शिकवलं होतं. फेफऱ्याचं घर असं एकदा नाव पडलं असतं तर माझं लग्न कुणी केलं असतं? आईनं मरेपर्यंत तिचं नाव घेतलं नाही. आणि त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोंडातून आपोआप 'नाही' निघालं. मला वाटलं, आता कांचनला कोण करून घेईल."

सुहासिनीला फार राग आला. पण सासूबाईंचा हात शेजारीच बाकावर होता. तो तिनं धरला.

"ती कशी गेली?"

"तेच मला माहीत नाही. मी सहा वर्षांची. मला कुणीतरी उचलून केबिनमध्ये नेलं. परत डेकवर आले तेव्हा कमल नव्हती. समुद्रातच सोडली तिला."

घरी त्यांनी ट्रंकेच्या तळातून एक पातळ पुस्तिका काढली. वरती जहाजाचं चित्र, रेशमी गोंडा. मोंबासा ते मुंबई, सन चौतीस. तेव्हा जहाजावर वरच्या वर्गातल्या प्रवाशांना आठवण म्हणून अशी सगळ्या सहप्रवाशांच्या नावांची पुस्तिका देत. आत इंग्रजीत नावं छापली होती, त्यांत त्यांचे वडील, आई, मिस के. आणि मिस एल. मागची पानं कोरी असत. ओळख झालेली माणसं त्यांवर आपापले पत्ते लिहून देत.

सुहासिनी एकेक नावावरून बोट खाली सरकवत गेली. बहुतेक गोरे, काही पारशी, काही गुजराती. "यातलं कुणी ओळखीचं होतं? ती कशी गेली ते पाहिलेलं?"

लीलावतीबाईंनी चष्मा पुसला. 'मिसेस जी. खेर, मास्टर डी. खेर' या ओळीवर त्या थांबल्या. "दत्तू. कमलच्याच वयाचा. दोघं दिवसभर कठड्याशी उभी असायची, मासे बघत."

मागच्या पानावर शाईनं लिहिलं होतं: खेर, धंतोली, नागपूर. शाई तपकिरी पडली होती. तो पत्ता आता कुणाचा असेल, आणि दत्तू खेर जगात असतील का, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

उदय कांचनपाशी थांबला आणि त्या दोघी शहरात टी. टी. नगरच्या तारघरात ट्रंक कॉल लावायला गेल्या. नागपूरच्या डिरेक्टरीत धंतोलीतले खेर बरेच निघाले. पहिल्या नंबरावर कुणी उचललं नाही, दुसरे खेर भलतेच, कोकणातून आलेले. प्रत्येक कॉल लागायची वाट बघताना सुहासिनीला वॉर्डातला पलंग दिसायचा. आत्ता तिथे एखादं भांडं पडलं असेल का? एखादं दार आपटलं असेल का? पलीकडे जवाहर चौकात कुणाची तरी वरात चालली होती आणि फटाक्यांची माळ लागली. तिचे हात आपसूक वर गेले, पण कान झाकायला शेजारी कांचन नव्हती.

"नागपूर बोलिए," खिडकीतला माणूस ओरडला.

पलीकडून म्हातारा आवाज आला. "मी दत्तात्रय खेर बोलतोय."

सुहासिनीनं जहाजाचं नाव सांगितलं, साल सांगितलं, कमलिनीचं नाव घेतलं.

"पन्नास वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही," खेर म्हणाले. "माझी आई म्हणायची, विसरून जा."

"तिला काय झालं होतं? ताप होता का? आमच्या मुलीसाठी विचारतेय, ती दवाखान्यात आहे."

"ताप कसला? सकाळपासून धावत होती. समोरून दुसरं जहाज आलं आणि आमच्या जहाजानं भोंगा दिला. आम्ही अगदी त्याच्याखाली उभे. ती दचकली, माझ्याकडे बघितलं आणि पडली. मला वाटलं गंमत करतेय. आधी एकदा जेवणाची घंटा झाली तेव्हाही अशीच पडली होती, पण लगेच उठली होती. या वेळी उठली नाही."

सुहासिनीनं ते शब्द पुन्हा मनात म्हटले. माझ्याकडे बघितलं आणि पडली. गजराच्या सकाळी कांचननंही तसंच पाहिलं होतं.

लीलावतीबाईंनी रिसीव्हर ओढून घेतला. "दत्तू, मी लीला. धाकटी. ती... तिला फार त्रास झाला का रे?"

काय उत्तर आलं ते सुहासिनीला ऐकू गेलं नाही. सासूबाई नुसत्या मान हलवत राहिल्या, जसा काही समोरचा माणूस बघतोच आहे.

डॉ. सरोज यांनी फोनवरचं सगळं लिहून घेतलं. मग लीलावतीबाईंना विचारलं, "तुम्ही कधी बेशुद्ध पडलात?"

"लहानपणी एकदोनदा. मी कुणाला सांगितलं नाही."

"तुमचाही कार्डिओग्राम काढू. उदयरावांचाही."

यंत्राच्या वायर छातीला लागल्या तेव्हा लीलावतीबाई डोळे मिटून पडून होत्या. पट्टी बाहेर आली. डॉक्टरांनी ती कांचनच्या पहिल्या पट्टीशेजारी धरली आणि दोन्हींवरचं तेच लांबलेलं अंतर बोटानं दाखवलं. उदयची पट्टीही थोडी तशीच होती.

"आता मी औषध देते," त्या म्हणाल्या. "अगदी थोडं. इथे, माझ्यासमोर. तुम्हा दोघांनाही घ्यावं लागेल."

दुपारी कांचननं अर्धी गोळी गिळली. ऑक्सिजनची नळी उशाशी तयार होती. थोड्या वेळानं तिच्या छातीतून बारीक शिट्टी येऊ लागली. सुहासिनी पलंगाची कड धरून उभी राहिली. ज्या औषधासाठी नागपूरपर्यंत फोन लावून शोध घेतला, तेच पोरीला नेतंय की काय, असं तिला वाटत राहिलं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून ऐकत होत्या. शिट्टी वाढली. मग तेवढीच राहिली. ऊन खिडकीतून पलंगावर आलं आणि भिंतीवर चढलं, तेव्हा कुठे ती कमी होऊ लागली.

"आई, भूक लागलीय," कांचन म्हणाली.

पुढे ती दहावी झाली, कॉलेजात गेली, गोळी रोज घेत राहिली. एकदाच पडली, तीही गोळ्या चुकवल्यावर. सुहासिनीची भीती कधी पूर्ण गेली नाही. मुलगी झोपलेली दिसली की तिच्या छातीकडे नजर जायचीच.

कांचन दवाखान्यातून घरी आली त्या आठवड्यात मात्र तिनं आजीला विचारलं होतं, "आजी, कमल दिसायला कशी होती?"

लीलावतीबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "दोन वेण्या घालायची," त्या म्हणाल्या. "आणि मला म्हणायची, लीले, वाकून बघू नकोस, पडशील." मग त्या बोलतच राहिल्या, जेवणं खोळंबली तरी कुणी त्यांना थांबवलं नाही.