लाचिसोनाचे देणे

सिरियाको आमचे पणजोबा, त्यांचे पुत्र एलादियो आणि एलादियोंचे नाबोर. तिघांनीही याबेलो गावच्या बँडमध्ये ट्यूबाच वाजवला. नाबोर आमचे वडील. त्यांच्यामागे ते अजस्र पितळी वाद्य माझ्या धाकट्या भावाच्या, एर्मिलोच्या, खांद्यावर आले. ज्या सभेत ते त्याच्याकडून काढून घेण्याची भाषा झाली, त्या सभेत मी पहिल्या बाकावर बसले होते.

"बस खाली, एर्मिलो," गावाचा अध्यक्ष आबुंदियो म्हणाला. "ठराव झालेला आहे. दरीपलीकडे आपलं कुणी जायचं नाही."

"ठराव रानाच्या तंट्याचा आहे. मी वाजवायला जातोय."

"कुणासमोर? आपली पाइनची झाडं तोडली त्यांच्यासमोर?"

"झेंड्यासमोर."

मागून कुणीतरी हसले. "एकटाच? मग राष्ट्रगीत वाजणार की बैल हंबरणार?"

सभा खदखदून हसली. एर्मिलोही किंचित हसला, कारण त्या थट्टेत तथ्य होते. ट्यूबाला चाल कधी मिळत नाही. चाल सनईवाल्यांची आणि कर्णेवाल्यांची. ट्यूबा त्यांच्या पायाखालची जमीन. माझ्या भावाने उभ्या आयुष्यात एकाही गाण्याची चाल वाजवलेली नव्हती. लग्नात, वरातीत, सप्टेंबरच्या मिरवणुकीत तो शेवटच्या रांगेत चाले आणि लोक त्याला पाहत ते त्याच्या वाद्याच्या आकारासाठी.

आमच्या डोंगरात गोसोनाची रीत पाळतात. दुसऱ्या गावाने आमच्याकडे वाजवावे, आम्ही त्यांच्याकडे. जेवढे तेवढेच, जसे तसेच. बाप देऊ शकला नाही तर मुलाने द्यावे. मी परकरी पोर असताना स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी आमच्या गावावर डोंगर खचला. बँडची खोली चिखलाखाली गेली, माणसेही गेली. दुसऱ्या सकाळी दरीपलीकडच्या लाचिसोना गावाचा बँड चढून आला. त्यांनी झेंड्यासमोर राष्ट्रगीत वाजवले, उरलेल्या गल्ल्यांतून मिरवणूक नेली आणि शेवटी आमच्या कबरींपाशी उभे राहून वाजवले. आमच्या वडिलांनी त्यांच्या बँडमास्तरांचे हात धरून सांगितले, "हे देणं आमच्याकडे लागलं." पुढे पाइनच्या रानावरून दोन्ही गावांत कुऱ्हाडी निघाल्या, आणि ते देणे तसेच राहिले.

या वर्षी लाचिसोनाचे वाजवणारे कामासाठी उत्तरेला सरहद्दीपलीकडे निघून गेले. हे मला तालुक्याच्या बाजारात प्राक्सेदिसने सांगितले. ती त्या बँडमास्तरांची मुलगी, पाव विकते. "यंदा आमचा झेंडा भोंग्यावरच्या गाण्यावर चढणार," ती म्हणाली आणि पाव बांधता बांधता पुढे बोलली, "तुझ्या बापाचा शब्द त्या चिखलातच राहिला वाटतं, ओबदुलिया." मी पाव घेऊन निघाले. घरी येऊन एर्मिलोला सांगितले. तो पितळ पुसत बसला होता. त्याने फडके खाली ठेवले आणि म्हणाला, "मग जायला हवं."

आता त्याच्यासाठी मी सभेत उभी राहिले. "आबुंदियो, तुझी आजी चिखलातून काढली, तेव्हा तिच्यापुढे कोण वाजवत होतं?"

आबुंदियोने टोपी हातात फिरवली.

"ते मला ठाऊक आहे, ओबदुलियाबाई. पण ठराव माझ्या एकट्याचा नाही." मग तो माझ्या भावाकडे वळला. "ट्यूबा गावाचा आहे. नेलास तर संध्याकाळी आणून खोलीत ठेवायचा आणि किल्ली माझ्या हातात द्यायची. नंतर तो तुझा नाही."

एर्मिलोने मान डोलावली. त्याला मूल नाही, बायको केव्हाच गेली. त्या वाद्याशिवाय त्याच्याजवळ आपले म्हणावे असे काही नव्हते. आबुंदियोलाही ते ठाऊक होते, म्हणून त्याने नजर वळवली.

सोळा सप्टेंबरला, स्वातंत्र्यदिनाच्या पहाटे, मी मक्याच्या भाकऱ्या भाजल्या, त्यांवर काळ्या घेवड्याचा लगदा घातला आणि फडक्यात बांधल्या. पाण्याचा भोपळाही घेतला.

"अक्का, तू नको येऊस," एर्मिलो म्हणाला. "तुझे गुडघे."

"गुडघे माझे आहेत. तू पायाखाली बघ. ते वाद्य घेऊन घसरलास तर तुला उचलायला मीच आहे."

वाट निसरडी होती. झुलत्या पुलावर वाद्याचे तोंड वाऱ्याने आपोआप घुमू लागले, तेव्हा त्याने त्यावर तळवा ठेवला, रडत्या मुलाच्या तोंडावर ठेवावा तसा.

लाचिसोनाच्या चौकात हिरव्या-पांढऱ्या-तांबड्या कागदांच्या माळा होत्या. आम्हाला पाहताच लोक बाजूला सरले. एका म्हाताऱ्याने विचारले, "बाकीचे मागून येतायत?"

"नाही," एर्मिलो म्हणाला. "मीच आहे."

"पण ह्याच्यावर राष्ट्रगीत ओळखू तरी येईल का?" शाळेचे तरुण मास्तर भोंग्यापाशी उभे होते. त्यांचा स्वर उर्मट नव्हता. "चाल कुठे आहे यात?"

"चाल तुमच्याकडे आहे," एर्मिलो म्हणाला. "मी खालून धरतो."

प्राक्सेदिस गर्दीतून पुढे आली. तिने भोंग्याची तार काढली आणि गुंडाळून मास्तरांच्या हातात दिली.

एर्मिलोने सुरुवात केली. खरेच सांगते, सुरुवातीला ते काहीच नव्हते. जमिनीखाली कुणी चालावे तसे एकेक जड पाऊल. मुले एकमेकांकडे पाहू लागली. झेंड्याची दोरी धरलेला माणूस दोरी ओढीना. माझ्या भावाचे कान लाल झाले, पण त्याने ताल सोडला नाही. शेवटाला आला आणि न थांबता पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

तेव्हा प्राक्सेदिसने तोंड उघडले. तिचा आवाज फाटका, बाजारात ओरडून गेलेला. पण ती बँडमास्तरांची मुलगी. त्या खालच्या सुरावर कुठे पाऊल टाकायचे ते तिला बरोबर कळले. तिच्यामागून तो म्हातारा आला, मग बायका, मग शाळा. पुरुषांनी टोप्या काढल्या, मुलांनी सलामीला छातीशी आडवा पंजा धरला. सारे गाव गाऊ लागले आणि एर्मिलो त्याच्या नेहमीच्या जागी गेला, सगळ्यांच्या खाली, जिथे तो कुणाला ऐकू येत नाही. झेंडा वर गेला.

मग मिरवणूक. उंचसखल गल्ल्यांतून तो पुढे आणि गाव त्याच्यामागे. आयुष्यात पहिल्यांदाच तो शेवटच्या रांगेत नव्हता आणि त्याला ते जमत नव्हते; सारखा मागे वळून पाहत होता.

"पुढे बघ," मी म्हणाले. "वाट तूच दाखवायची आहेस."

दुपारी त्यांनी आमच्यापुढे रस्स्याचे वाडगे ठेवले. आम्ही आमची पुरचुंडी सोडली.

"आमचं अन्न चालत नाही का तुम्हाला?" तो म्हातारा दुखावून म्हणाला.

"त्या वर्षी तुमच्या माणसांनी आमच्याकडे घोटभर पाणी घेतलं नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे द्यायला नव्हतंच. स्वतःच्या भाकऱ्या आणल्या, स्वतःच्याच खाल्ल्या. जसं आलं तसंच परत जाईल."

म्हाताऱ्याने वाडगे उचलले. कुणी रागावले नाही. उलट आम्ही खात असताना त्यांनी आमच्याकडे पाठ केली. मानाची रीत ती.

शेवटी आम्ही कबरस्तानात गेलो. प्राक्सेदिसने आपल्या वडिलांच्या कबरीवरचे गवत हाताने बाजूला केले. एर्मिलोने विचारले, "तेव्हा आमच्याकडे जे वाजवलं, तेच ना?" ती म्हणाली, "तेच."

त्या शोकधुनेला शब्द नाहीत, त्यामुळे इथे कुणी गाऊ शकत नव्हते. तो फक्त आपला भाग वाजवत राहिला. जिथे सनयांची पाळी असते तिथे तो तेवढाच वेळ थांबे, डोळे मिटून, जणू त्या वाजताहेत. मग आपला सूर ठेवी. एकही थांबा त्याने आखडता घेतला नाही. लोक त्या मोकळ्या जागांत मान खाली घालून उभे होते. उत्तरेला गेलेल्या वाजवणाऱ्यांच्या आया त्यांत होत्या.

धून संपली. एर्मिलोने ट्यूबा खांद्यावरून उतरवला, उलटा केला आणि नळीत साठलेले पाणी गवतात ओतले. त्याच्या सदऱ्यावर खांद्यापाशी पितळेचा हिरवट डाग होता, तो कुठल्याच धुण्यात जात नाही. मी खूप प्रयत्न केलेले आहेत.

प्राक्सेदिसने आधी त्याचे हात धरले, मग माझे.

"पोचलं," ती म्हणाली. "सगळं पोचलं, ओबदुलिया. याबेलोकडे आता आमचं काही नाही."

मग तिने पदराखालची टोपली पुढे केली. तिच्या हातचा गोड पाव होता, अजून ऊन. "आता पाहुणे म्हणून घ्या."

एर्मिलोने माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान डोलावली, तेव्हा त्याने घेतला.