फरशी पुसण्याचा एक दिवस

मी एकेचाळीस वर्षं मालगाड्या हाकल्या. शेवटच्या फेरीला डेनिसन यार्डापर्यंत प्रत्येक फाटकावर भोंगा वाजवत आलो. सोबत्यांनी रुळांवर फटाके लावले होते आणि नेल्डा, माझी बायको, केक घेऊन उभी होती. निवृत्त व्हायचं तर असं.

नेल्डाने चौतीस वर्षं दुसरीच्या पोरांना वाचायला शिकवलं. तिचा शेवटचा दिवस मात्र कायद्याने ठरवला, आणि कायदा करणारे वॉशिंग्टनचे शहाणे म्हणजे निव्वळ अकलेचे कांदे.

रेल्वेवाल्याच्या पेन्शनीत बायकोचा वाटा असतो. नवरा मेला तरी तिला काही ना काही मिळतं. पण तिला स्वतःची सरकारी पेन्शन असेल, आणि शिक्षिकेला ती असतेच, तर त्या पेन्शनीचे दोन तृतीयांश या वाट्यातून कापतात. नेल्डाच्या हातात उरत होता भोपळा. जन्मभर घरी बसून टीव्ही पाहिला असता तर सगळा वाटा मिळाला असता.

पळवाट एकच होती. नोकरीचा अगदी शेवटचा दिवस अशा गावच्या शाळेत काढायचा, जिथे पगारातून सोशल सिक्युरिटी, म्हणजे केंद्राच्या पेन्शनीचा हप्ताही कापतात; मग वाट्याला कात्री लागत नाही. काम कुठलंही चालेल. तीही वाट एक जुलैला बंद होणार, म्हणून टेक्सासभरच्या शिक्षिका दक्षिणेकडच्या एका आडगावी फरशी पुसायला धावत होत्या.

"एकच तारीख मोकळी आहे, सत्तावीस मे," तिथला कारकून फोनवर म्हणाला.

आमच्या शाळेचा शेवटचा दिवस अठ्ठावीस.

"मग अठ्ठावीसला मी वर्गावर जायचं नाही?" नेल्डाने विचारलं.

"गेलात तर तोच शेवटचा दिवस धरतील, बाई. आवारात पाऊलसुद्धा टाकू नका. नाहीतर फरशी फुकट पुसलीत म्हणून समजा."

तिने फोन आपटला. "खड्ड्यात गेला तो वाटा. निरोप न घेता पोरांना सोडून मी जायची नाही."

"आणि मी उद्या टपकलो तर?" मी म्हणालो. "माझ्या हृदयाबद्दल डॉक्टर काय म्हणाला, ऐकलंस ना? घर विकशील?"

"तुझ्या हृदयाला आडवं यायची वेळ बरोबर कळते रे, हॉलिस," ती म्हणाली आणि बॅग भरायला उठली.

त्या आडगावी तेवीस शिक्षिका होत्या आणि पोछे सहा.

"बाई, ही फरशी सकाळपासून चौथ्यांदा पुसली जातेय," तिथला खरा सफाईवाला एफ्राइन म्हणाला. "आणखी पुसाल तर खालची माती दिसेल. सावलीत बसा, पाचला सही करा."

नेल्डा बसली नाही. जे कोणी हातात घेत नव्हतं ते तिने घेतलं. पोरांची मुतारी घासली. परतीची वाट पाच तासांची. आमच्या पिकअप ट्रकभर फिनेलचा वास होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आम्ही आमच्या शाळेसमोर, रस्त्यापलीकडे ट्रकमध्ये बसलो होतो. चोरासारखे. घंटा झाली, पोरं बाहेर सुटली. नेल्डाने दाराची कडी घट्ट धरली होती, उघडत नव्हती.

मला राहवलं नाही. मी हॉर्न दिला. दोन लांब, एक आखूड, एक लांब. फाटकावरचा भोंगा. हा ऐकला की असाल तिथे थांबायचं, हे त्या पोरांना नेल्डानेच घोटून घोटून शिकवलं होतं. सगळी पोरं कुंपणापाशी खिळल्यासारखी थांबली.

नेल्डा उतरली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. रस्ता नगरपालिकेचा, शाळेचा नव्हे. तिथून तिने हजेरी घेतली, यादी न पाहता.

"एमॉस!"

"हजर, बाई!"

"लुरीन!"

"हजर!"

बावीसच्या बावीस नावं झाली. दोन्ही बाजूंना गाड्या थांबल्या होत्या, पण कुणी हॉर्न वाजवला नाही.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. वाटा मंजूर. शेवटचं काम: सफाई कामगार, एक दिवस. चौतीस वर्षांच्या शिकवण्याचा उल्लेख फक्त कपातीच्या रकान्यात होता, आणि तिथे शून्य होतं.

माझ्या मरणाची सोय झाली. त्यासाठी मी तिचा शेवटचा दिवस खाल्ला. ती हजेरी कुठल्याच मस्टरवर नाही.